परळला राहायचं की घरून येजा करायची? कोकणातल्या कॅन्सरच्या रुग्णासाठी

बायोप्सीचा रिपोर्ट आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात जो तो सांगतो, परळ गाठा. निदान पक्कं करायला आणि उपचारांची आखणी करून घ्यायला मीही तेच सांगेन. १९४१ पासून चालू असलेल्या परळच्या टाटा रुग्णालयाचा अनुभव गावाजवळ कुठून मिळणार? पण पुढचे कित्येक महिने कुठे काढायचे हा निर्णय वेगळा आहे. तो घाईत, नातेवाइकांच्या आग्रहाखातर घेऊ नका. माझं ऑपरेशन आणि रेडिएशन मुंबईत झालं, मधली किमो कोल्हापुरात, त्यामुळे दोन्हीकडची धावपळ मला ठाऊक आहे.

आधी उपचार कोणता ते बघा. किमो बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांतून एकदा असते. त्याआधीची रक्ततपासणी गावच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट डॉक्टरांना पाठवता आला, तर रक्तातल्या पेशी कमी असल्याने किमो पुढे ढकलली तरी हेलपाटा वाचतो. म्हणून किमो घरून जमते. आंबा किंवा गगनबावडा घाटाच्या वळणांनी मळमळ वाढते, तेव्हा उलटीची गोळी गाडीत बसायच्या आधीच घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

रेडिएशनचं तसं नाही. मशीनवर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण सोमवार ते शुक्रवार रोज जावं लागतं. स्तनाच्या कॅन्सरला साधारण तीन ते पाच आठवडे, तोंडा-घशाच्या कॅन्सरला सहा-सात. रोज घाट चढून-उतरून हे होत नाही, तिथेच मुक्काम लागतो. चिपळूण, खेड, संगमेश्वरच्या माणसाने डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात आपल्या आजाराची सोय आहे का, ते आधी विचारावं. अंगावर शाईने खुणा केलेल्या असतात, त्यावरच मशीन लावतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या घामात त्या फिकट होतात. सैल, जुना सुती ब्लाऊज किंवा सदरा घाला, खुणांवर साबण चोळू नका, आणि पुसट झाल्या तर घरी पेनने गिरवू नका, तिथल्या टेक्निशियनला दाखवा.

मुंबईत राहायचं तर पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे रुग्णांची सोय होते, पण खोली लगेच मिळेल असं धरून चालू नका. चाकरमानी भावाचं घर असतंच, पण दिव्याहून किंवा नालासोपाऱ्याहून सकाळच्या लोकलला चढणं पेशी घटलेल्या माणसाला झेपत नाही. अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, आजाराचा कागद मात्र जवळ हवा. उपचार खारघरला, टाटाच्याच ॲक्ट्रेक केंद्रात असतील तर परळला खोली घेण्यात अर्थ नाही, पनवेलच्या बाजूलाच बघा.

प्रवासासाठी रुग्णालयातून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्या. त्यावर स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत मिळते. परळसाठी रात्रीची तुतारी एक्सप्रेस सोयीची, थेट दादरला उतरवते. गणपतीच्या आसपास तारीख येत असेल तर तिकीट फार आधी काढा, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं हे लक्षात ठेवा.

पैशाच्या बाबतीत दोन्ही पर्यायांत वाटतो तेवढा फरक नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत हवं, उपचार यादीत हवा. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला भेटा. मुंबईत खरा खर्च होतो तो खोलीचा, जेवणाचा आणि सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या रोजंदारीचा, आणि तो या योजनेत बसत नाही.

घरी तोंड आलेलं असताना मऊ पेज मिळते, झोप लागते. पण भेटायला सगळा वाडा येतो. त्यांना पडवीतच बसवा, सर्दी-खोकला असलेल्याला तर स्पष्ट नाही म्हणा. गोठा आणि लावणीचा चिखल यांपासून लांब राहा.

माझ्या मते निर्णय ठरतो तो तापावर. किमोनंतरच्या एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी घटतात, आणि १००.४ फॅरनहाइटला ताप गेला तर सकाळची वाट बघायची नसते. गोळी घेऊन झोपून जाणं जिवावर बेतू शकतं. मुंबईत कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीच्या उपचारांचा विभाग, जवळ असते. गावात रात्री दोन वाजता, जुलैच्या पावसात, रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक देणारं रुग्णालय कुठलं, तिथवर कोण नेणार, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं तर दुसरी वाट कुठली? किमो सुरू होण्याआधी तिथे स्वतः जाऊन विचारा. तासाभरात पोचता येत नसेल तर निदान तेवढे दिवस रत्नागिरीत, कुडाळात, कोल्हापुरात, जिथे अशी सोय असेल तिथे राहा. ते जमत नसेल तर मुंबईच बरी.

आखणी परळची आणि किमो गावाजवळ असा मधला मार्ग घेणार असाल, तर हे परळच्या डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. औषधांची नावं, डोस आणि पुढच्या तारखा लिहून घ्या. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) पहिल्या लॅबमधून मागून घ्या, पुढचं रुग्णालय ते मागतंच, आणि त्यासाठी परत लॅब गाठण्यात नाहक दिवस जातात.