सात रस्त्याचं गेम झोन, आणि त्यातला एकच खेळ

सात रस्त्याजवळच्या एका गेम झोनमध्ये जुन्या आर्केड खेळांची, म्हणजे टोकन टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांची, उभी पेटी आली आहे. एकाच पेटीत बरेच खेळ भरलेत, पण मी लिहिणार फक्त पॅक-मॅनबद्दल. त्यात पॅक-मॅन नावाचं गोल पिवळं तोंड चक्रव्यूहातले ठिपके खात फिरतं आणि पाठीला लागलेल्या चार भुतांना चुकवतं. बाकीचे खेळ बरे आहेत, हा थोर आहे.

माझा धंदा जकार्ड डिझाइनचा, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचा. चादरीवर मोर हवा असो की वेल, आधी ग्राफवर एकेक चौकोन भरायचा, मग पंचिंग, म्हणजे नक्षीप्रमाणे पत्त्यांना भोकं पाडणं, मग माग. त्यामुळे पॅक-मॅनचा पडदा दिसला की माझी नजर आधी चौकोन मोजते. आडवे २८, उभे ३१, एवढ्यात सगळा चक्रव्यूह बसवलाय. २४० बारीक ठिपके आणि ४ मोठे. बटण एकही लागत नाही, नुसती दांडी. १९८० साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी हा खेळ आखला, तेव्हा आर्केडमध्ये गोळीबार आणि अंतराळातली युद्धं यांचाच जोर होता. बायका-मुलींनाही तिथं यावंसं वाटलं पाहिजे, म्हणून त्यांनी खाण्यावर खेळ काढला.

खरी करामत भुतांची आहे. बघणाऱ्याला वाटतं, चौघंही नुसती मागं लागलीत. तसं नाही. लाल ब्लिंकी तुम्ही ज्या चौकोनात आहात तोच धरून येतो. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडासमोरचा चौथा चौकोन धरते, म्हणजे वाट अडवायला बघते. तिच्यावर सरळ चालून गेलात तर तो चौथा चौकोन तिच्या पाठीमागं पडतो आणि ती पुष्कळदा फाट्यावर वळून जाते. हे एकदा जमलं की अंगावर काटा येतो! निळा इंकी सगळ्यात अवघड. तो तुमच्या पुढचा दुसरा चौकोन घेतो, ब्लिंकीपासून तिथपर्यंत रेघ ओढतो आणि तेवढीच रेघ पुढं वाढवतो. त्यामुळे ब्लिंकी तुमच्या जवळ असेल तेव्हा इंकीही जवळच येऊन ठेपतो. नारिंगी क्लाइड लांबून अंगावर येतो, पण आठ चौकोनांच्या आत आला की खालच्या डाव्या कोपऱ्याकडं निघतो. प्रत्येकाला एकेक साधा नियम दिलाय, आणि चौघं मिळून घेरल्यासारखं वाटतं. शिवाय पहिल्या फेरीत सुरुवातीचे ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडं जातात, मग २० सेकंद पाठलाग, मग परत कोपरे. खेळणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवणं यालाच मी डिझाइन म्हणतो.

वेगाचंही तसंच. एक ठिपका खाल्ला की पॅक-मॅन सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा थबकतो. म्हणून भूत पाठीला लागलं असेल तर खाऊन साफ झालेल्या गल्लीत पळा. आणि वळण यायच्या किंचित आधीच दांडी वळवा. पॅक-मॅन कोपरा कापून जातो, भुतांना ते जमत नाही.

माझी तक्रार इथंच आहे. या पेटीला आठ दिशांची दांडी बसवली आहे. पॅक-मॅनला चार दिशा पुरतात, त्याच्या मूळ पेटीलाही चारच होत्या. इथं घाईत दांडी तिरकी पडते आणि आयत्या वळणावर पॅक-मॅन सरळ निघून जातो. नवीन मुलांना वाटतं, आपल्यालाच खेळता येत नाही. काउंटरवर मी सांगितलं, त्यांनी नीट ऐकूनही घेतलं. काही दांड्यांत खालची प्लेट फिरवली की चारच दिशा राहतात. इथली तशी असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पडदा मात्र उभाच ठेवलाय, मूळ खेळासारखा, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. आडव्या टीव्हीवर हा खेळ बारका होऊन मधेच कोंबला जातो.

माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, ह्याला शेवट आहे का?" ठरवून केलेला नाही. फेरीचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे यंत्राच्या मेमरीतल्या एका छोट्या कप्प्यात, साठवलेला, त्यात २५५ च्या पुढं जागाच नाही. त्यामुळे २५६ व्या फेरीत पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि चिन्हांच्या कचऱ्यानं भरतो आणि फेरी पुरी करता येत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला, तो डिझाइनचा नमुना म्हणून. मला तो मान अगदी रास्त वाटतो. त्याच्या आधीच्या खेळांत शत्रू पुष्कळ होते, पण नाव आणि स्वभाव असलेले असे नव्हते.

जायचं तर दुपारी जा. संध्याकाळी शेजारच्या गाड्यांच्या शर्यतीचा आवाज सगळं गिळून टाकतो. ठिपके संपत येतील तसा पॅक-मॅनमधला भोंगा चढत जातो, आणि तो कानावर पडला पाहिजे. टोकन घेतानाच आवाज वाढवायला सांगा, लगेच वाढवून देतात.