फळं मोजायला कप की काटा?

कृती कपात लिहिलेली असते आणि फळं आपण आणतो किलोवर. मग तीन वाटा उरतात: फळं चिरून कपाने मोजा, तक्त्यात बघून कपाचे ग्रॅम करा, नाहीतर सरळ काट्यावर ठेवा. मी तिन्ही बरीच वर्षं वापरून पाहिल्या आहेत. कोणाला काय सोयीचं पडेल हे ज्याच्या-त्याच्या स्वयंपाकावर आहे, हे मान्यच.

रस आणि गर यांना कप छान चालतो. कुस्करलेल्या केळ्याचा एक कप साधारण 225 ग्रॅम भरतो आणि माझ्याकडे तो दरवेळी त्याच्या आसपासच येतो, कारण गरात हवेला जागाच नसते. स्मूदी, फ्रूट सॅलड यांतही कपाने काही बिघडत नाही. मूठभर फळ जास्त पडलं तर उलट बरंच.

माझं कपाशी बिनसलं ते फोडींवरून. स्ट्रॉबेरीचंच घ्या. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप अख्ख्या स्ट्रॉबेरी 144 ग्रॅम, काप केले तर 166, आणि मिक्सरमधून काढल्या तर 232. फळ तेच, कपही तोच. सफरचंदाच्या फोडी 125 ग्रॅम, पातळ काप 109. आणि कृतीत नुसतं ‘दोन कप स्ट्रॉबेरी’ लिहिलेलं असतं! अख्ख्या मोजून मग चिरायच्या की चिरून मोजायच्या? कप सपाट भरायचा की शिगोशीग? आमच्या घरात दोघांनी भरलेला कप कधी सारखा येत नाही, आणि दोघांचंही चूक नसतं. केकमध्ये हा फरक खपून जातो. जॅममध्ये नाही, कारण तिथे साखर फळाच्या वजनाशी बांधलेली असते. चार कप अख्खी फळं म्हणजे 576 ग्रॅम, चार कप गर म्हणजे 928. साखर तेवढीच घातली तर एक जॅम घट्ट आणि अतिगोड होईल, दुसरा पातळच राहील.

तक्त्यांनी हे सुटेल असं वाटतं, पण बरेचसे तक्ते फळापुढे एकच आकडा देतात. तो अख्ख्याचा, फोडींचा की गराचा, हे लिहिलेलं नसतं. शिवाय कप कोणत्या देशाचा? अमेरिकी कप सुमारे 237 मिलीलिटरचा, मेट्रिक 250चा, जपानी 200चा. फळ कोणत्या अवस्थेत मोजलं ते सांगणारा तक्ता असेल तर जरूर ठेवा, बाकीचे फक्त अंदाजापुरते.

काट्यालाही खोडी आहेत. चमचाभर लिंबूरस तो नीट दाखवत नाही, तिथे चमचाच बरा. साल-बियांसकट वजन केलं तर हिशेब पार चुकतो. केळ्याच्या वजनातला जवळजवळ तिसरा हिस्सा सालीचा असतो, म्हणून आधी सोलायचं, मग तोलायचं. पण काट्याला फोडीचा आकार विचारावा लागत नाही. 300 ग्रॅम फळ चिरा नाहीतर कुस्करा, ते 300 ग्रॅमच. गोठवलेल्या बेरी वितळून खाली बसतात तेव्हा कप अर्धवट दिसू लागतो. काट्यावर त्या गोठलेल्याच तोलल्या की सुटणारा रसही हिशेबात येतो.

कपातली जुनी आवडती कृती सोडायची गरज नाही. पहिल्यांदा करताना तिच्यात सांगितल्याप्रमाणे फळ चिरा, न दाबता कप भरा, तो कप तोला आणि ग्रॅम कृतीशेजारीच लिहून ठेवा. पुढच्या वेळी कप काढावाच लागत नाही. माझ्या वहीत आता फळांसाठी असेच आकडे आहेत.

नवा काटा घेणार असाल तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि भांड्यासकट शून्य करता येणारा घ्या. आणि तो किती वेळात आपोआप बंद होतो ते आधी बघा, कारण फळं सोलायला वेळ लागतो आणि मध्येच आकडा गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.