बेव्हासिझुमॅब आणि फोलफॉक्स: ह्यांच्या उपचारांबद्दल माझा अभिप्राय

ह्यांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग कळला तेव्हा तो यकृतात पोचला होता. फोलफॉक्स केमो (ऑक्सॅलिप्लॅटिन आणि इतर औषधं एकत्र) सुरू झाली, दर पंधरा दिवसांनी, आणि सोबत बेव्हासिझुमॅब. मी लिहितेय ती मुख्यतः या दुसऱ्या औषधाबद्दल. खर्चात मोठा वाटा त्याचाच, आणि ते घ्यावं की नाही यावर घरात बोलणं होतंच.

गाठीच्या तपासणीत आरएएस जनुकात बदल निघाला. तसं असलं की सेटुक्सिमॅब हे याच कर्करोगावरचं दुसरं औषध लागू पडत नाही. बेव्हासिझुमॅबला ती अट नाही. गाठीला रक्त पुरवायला नव्या वाहिन्या फुटतात त्या व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनामुळे, आणि हे औषध त्यालाच अडवतं. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी नुसती केमो दिली, हे मला फार पटलं.

मी कराडला शाळेत गणित शिकवायचे, म्हणून आकडे मागितले. २००४ मध्ये अमेरिकेत याला मंजुरी मिळाली ती ज्या अभ्यासावर, त्यात जुन्या आयएफएल केमोला याची जोड दिल्यावर आयुष्याचा मध्यक १५.६ महिन्यांवरून २०.३ वर गेला. आम्हाला हुरूप आला. पण डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं. ऑक्सॅलिप्लॅटिन असलेल्या केमोसोबतचा मोठा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. १४०० रुग्णांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ८ वरून ९.४ महिने झाला, पण एकूण आयुष्यातला फरक (१९.९ आणि २१.३ महिने) खात्रीने औषधामुळेच म्हणावा एवढा नव्हता. इतकं सरळ सांगणारा डॉक्टर मिळणं हे मी औषधाइतकंच मोलाचं मानते. मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्याच्याही पुढे जातात, हे मी ह्यांना वहीत रेघ काढून दाखवलं. हे म्हणाले, "दीड महिना का असेना, हापूसचा सीझन तेवढाच तर असतो." आणि सुरू करायचं ठरलं.

शिरेतून द्यायला पहिल्या वेळी दीड तास, मग एक, मग अर्धा तास. हे औषध सलाईनमधूनच जातं, ऑक्सॅलिप्लॅटिन मात्र ग्लुकोजमधून, त्यामुळे मधे नळी धुऊन घ्यावी लागते. आमच्या डे-केअरच्या सिस्टर हे न विसरता करायच्या. शेवटी केमोच्या औषधाचा ४६ तासांचा पंप कमरेच्या पिशवीत लावून घरी.

थकवा, तोंड येणं, बोटांना मुंग्या हे केमोचं. गार पाण्याला हात लावला तरी ह्यांना झिणझिण्या यायच्या, म्हणून माठही स्वयंपाकघरातून हलवला. बेव्हासिझुमॅबचा त्रास वेगळा. ह्यांना कधी बीपी नव्हतं, ते वर गेलं आणि गोळी लागली. नाक शिंकरताना रक्त यायचं. लघवीत प्रथिनं जातात का, ते ठरावीक दिवसांनी तपासत. जखम लवकर भरत नाही, म्हणून दाढ काढायची होती ती डॉक्टरांना विचारून लांबवली. पोटात एकाएकी जोराची कळ आली तर रात्र असो की पहाट, थेट इमर्जन्सी गाठायची, कारण क्वचित आतड्याला भोक पडतं आणि ते जिवावर बेततं. कुणाला पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर सुरू करण्याआधीच सांगा.

ह्यांच्या यकृतातल्या गाठी सीटी स्कॅनमध्ये लहान झालेल्या दिसल्या, रक्तातलं सीईए (या कर्करोगात बऱ्याचदा वाढणारं प्रथिन) उतरलं. यात केमोचा वाटा किती आणि बेव्हासिझुमॅबचा किती, हे एका माणसावरून ठरत नाही. तळपाय बधिर व्हायला लागले तेव्हा ऑक्सॅलिप्लॅटिन बंद केलं. आता कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या आणि तीन आठवड्यांनी बेव्हासिझुमॅब, एवढंच चालू आहे. हे सकाळी अंगणात फिरतात, जेवण जातं. माझ्या लेखी पैसे सार्थकी लागले.

खरेदीचं सांगते. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं, मिळतात, मूळ ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त. आम्ही डॉक्टरांना विचारून तीच घेतली. बाटल्या १०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या येतात. पंधरवड्याचा डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३००. तेव्हा १०० च्या तीन घेतल्या तर औषध वाया जात नाही. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण गोठता कामा नये. एका दुकानदाराने साध्या पिशवीत घालून दिलं, ते आम्ही तिथल्या तिथे परत केलं. थर्मोकोलचा डबा आणि आईस पॅक नसेल तर घेऊ नका.