गणपतीची सुपारी द्यायचीय? डॉल्बी सोडा, या पोरांची हलगी सांगा

दरवर्षी श्रावण लागला की कोण ना कोण विचारतंयच, तुमच्या मंडळाला वाजवणारी पोरं कुठली ओ? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पथकाला नाव नाही, पाटी नाही. नदीच्या अंगाच्या गल्लीतली कॉलेजची पोरं आहेत, कोल्हापुरात गंगावेशीत चहाच्या गाड्यावर विचारलं की नंबर मिळतो. वाद्यं म्हणजे हलगी, घुमकं (खोल आवाजाचा ढोल), कैताळ (मोठ्या झांजा). बास. आम्ही २०१९ पासून यांनाच सांगतोय आणि दुसरीकडं बघायची इच्छाच झाली नाही.

२०१९ चं सांगायलाच पाहिजे. जुलैमध्ये दोन हजार इसार देऊन आलो आणि ऑगस्टमध्ये महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर, हायवे शिरोलीजवळ बंद, शहरात दूध-पेट्रोलसाठी रांगा, सगळ्यांनी बघितलंय ते. पूर ओसरल्यावर एक दिवस त्यातला मोठा पोरगा दारात आला, हातात माझेच दोन हजार. नोटा भिजून वाळवलेल्या, पापडासारख्या कडक. म्हणला, काका आठ हलग्या हुत्या, पाच गेल्या, इसार परत घ्या. मी म्हणलं बाळा मला आधी दाखव तरी. गेलो तर पत्र्यावर वाळत घातलेल्या हलग्या, कातडं फुगून सैल पडलेलं, कड्याला गंज, बोटानं वाजवलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखा थप्प आवाज. घरात भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ आणि त्याची आई अजून चिखल काढतीया. मी म्हणलं तीनवर वाजवा. तो म्हणला चालतंय का? म्हणलं चालतंय की.

२ सप्टेंबरला गणपती. त्या वर्षी आमच्याकडं लायटिंग नाही, मांडव साधा, वर्गणीतला मोठा भाग पूरग्रस्तांना दिलेला, आणि खरं सांगायचं तर मिरवणूक काढावी का नको यावरच दोन बैठका झालेल्या. पोरं आली चौदा आणि हलग्या तीन. मला वाटलं आता बाकीची नुसती बघत उभी राहणार. पण झालं काय, वाजवणाऱ्याच्या शेजारी दुसरा उभा राहायचा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून पायानं ठेका धरायचा आणि चालता चालताच हलगी याच्या गळ्यातनं त्याच्या गळ्यात, बाकीच्या दोन हलग्या आणि घुमकं तेवढा वेळ सांभाळून घ्यायचे. पूर्ण वाटेत ठेका एकदाही तुटला नाही. खासबाग मैदानात कुस्ती लागल्यावर जो ठेका ऐकू येतो ना, तोच धरला होता शेवटी, आणि ज्यांच्या घरात आठवड्यापूर्वी गाळ होता ती माणसं दारात येऊन उभी राहिली. आमच्या शेजारच्या आजी तर रडायलाच लागल्या. मी पण डोळे पुसले, त्यात काय लपवायचं.

मग २०२० ला कोरोना. मिरवणुका बंद, मंडळाची मूर्ती चार फुटाच्या आत, घरची दोन फुटाच्या आत. मी फोन करून म्हणलं या वर्षी राहू दे. तर पोरांनी आधी व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न केला, पण कॉलवर प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, त्यामुळं ज्याला त्याला वाटतंय दुसराच मागं पडलाय, नुसता गोंधळ. मग डोकं लावलं. घुमकंवाल्यानं एकट्यानं ठेका रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवला, प्रत्येकानं तो इअरफोननं कानात ऐकत आपापल्या घरात आपली हलगी वाजवून रेकॉर्ड केली, आणि एकानं मोबाईलवर सगळं एकावर एक बसवलं. चतुर्थीला सकाळी व्हॉट्सॲपवर आलं. एक पोरगा गच्चीवर, एक जनावराच्या गोठ्यात, एक जिन्यात. आम्ही घरात चौघंच, गणपतीपुढं स्पीकरला लावलं आणि आरती केली. एक रुपया मागितला नाही. मी जबरदस्तीनं पाठवले तर त्यातनं त्यांनी नवीन कातडं घेतलं आणि फोटो पाठवला.

२०२१ ला परत पूर, आणि पाणी २०१९ पेक्षाही वर. पण पोरं शिकलेली. बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी गाठली त्याच संध्याकाळी सगळी वाद्यं रिक्षात घालून आमच्या मंडळाच्या वरच्या खोलीत आणून टांगली. घरातलं सामान त्याच्यानंतर हलवलं म्हणे, त्यावरनं आईची बोलणी पण खाल्ली. आता दर पावसाळ्यात ती खोली त्यांचीच असती.

आता कामाचं बोलतो. आवाज नाद खुळा, पण कान फुटत नाहीत. म्हातारी माणसं, लहान पोरं मिरवणुकीत शेवटपर्यंत चालू शकतात, डॉल्बीपुढं हे होत नाही, छातीत धडधडतंय म्हणून माणसं घरात जाऊन बसतात. दवाखाना आला की न सांगता हात थांबतात आणि पन्नास पावलं नुसतं चालतात. दारू पिऊन कोण येत नाही. २०२२ पासून दोन पोरी पण आहेत, त्यातली कैताळवाली म्हणजे पथकाचा कणा आहे असं माझं मत, ती नसली की बाकीचे घाई करतात.

कमी काय? वेळ. सहाचं बोलावलं तर वाजायला सात होतात. पावसाळी हवेत कातडं ओल धरून सैल पडतं आणि आवाज बसतो, म्हणून आधी कागद-काटक्या पेटवून हलग्या शेकाव्या लागतात आणि मध्ये मध्ये परत. कातड्याऐवजी प्लॅस्टिकचं पान लावलेली हलगी घ्या म्हणून मी सुचवलं होतं, एक घेतलीया मुसळधार पावसासाठी, पण तो टणक आवाज त्यांना आवडत नाही आणि मलाही नाही. दुसरं, एका वर्षी पंचवीस पोरं सांगून सतरा आली, परीक्षा होती म्हणे. पैसे त्यांनीच कमी करून घेतले, पण आधी सांगायला पाहिजे होतं, ते मी तोंडावर बोललोय.

गेल्या वर्षी आम्ही अठरा हजार दिले, आगमन आणि विसर्जन दोन्ही धरून. घासाघीस करू नका. सुपारी आषाढातच द्या, नंतर मिळत नाहीत. तासभर आधी बोलवा, शेकायला आडोशाची जागा आणि थोडी रद्दी काढून ठेवा, चहा द्या, आणि हलग्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू देऊ नका.