जुना संगणक, लिनक्स मिंट आणि मराठीचे काम : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या घरातला संगणक २०१६ साली रत्नागिरीतल्या एका दुकानातून सुटे भाग जुळवून घेतलेला आहे. सहाव्या पिढीचा इंटेल कोअर आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एक टीबीची हार्ड डिस्क असे त्याचे स्वरूप. मी घरून मुद्रितशोधनाचे आणि थोडेफार भाषांतराचे काम करते, त्यामुळे दिवसाचे सहा-सात तास हा संगणक माझ्याच ताब्यात असतो. संध्याकाळी सासरे वर्तमानपत्रे वाचायला आणि नातवंडांशी बोलायला बसतात. म्हणून या लेखात खेळ, चित्रफितींचे संपादन वगैरे विषय नाहीत. मराठी लिहिणे, वाचणे, तपासणे आणि छापणे यासाठी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसवता येणारी संगणक प्रणाली कशी आहे, एवढेच मी सांगू शकते.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे मायक्रोसॉफ्टने बरेच आधी जाहीर केले होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि आमचे यंत्र त्या यादीत बसत नव्हते. पुढे घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अद्यतनांची सोय झाली. पण त्यामुळे प्रश्न एका वर्षाने पुढे गेला असता, इतकेच. माझ्या कामाचा सगळा भर दिवाळी अंकांमुळे ऑगस्ट आणि सप्टेंबरात येतो. त्या धांदलीत कोणताही बदल परवडणारा नव्हता, म्हणून २०२५ च्या ३० मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मी लिनक्स मिंट २२.१ ची सिनॅमन (पडद्यावरच्या मांडणीचे नाव) आवृत्ती बसवली. ही आवृत्ती उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून २२ च्या संपूर्ण मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

बसवण्याआधीचे दोन दिवस मी ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिली, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने हे करावे असा माझा आग्रह आहे. हार्ड डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली अशी सुरू करता येते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे तिथेच कळते. पेन ड्राइव्हवरून ती संथ चालते, पण तेवढ्यावरून मत बनवू नये. त्यानंतर जुनी हार्ड डिस्क काढून ठेवली, दोन हजारांच्या आत मिळालेली २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) लावली आणि तिच्यावर मिंट बसवले. प्रत्यक्ष बसवण्याला अर्धा तासही लागला नाही. पूर्वी संगणक कामाला तयार व्हायला तीन मिनिटे लागत, आता अर्ध्या मिनिटात होतो; मात्र त्याचे बहुतेक श्रेय एसएसडीचे आहे, प्रणालीचे नव्हे. प्रणालीचे श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे : सुरू झाल्यावर ती साधारण सव्वा जीबी रॅम वापरते, त्यामुळे फायरफॉक्सच्या वीस टॅब, शब्दकोश, पीडीएफ आणि लिबरऑफिस (वर्डसारख्या लेखन-साधनांचा संच) एकाच वेळी उघडे ठेवूनही यंत्र अडत नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे मराठी. मी सुरुवातीपासून इनस्क्रिप्टने टंकलेखन करते. हा कळफलक १९९१ च्या भारतीय मानकातला असल्यामुळे मिंटवर बोटांना नवे काहीच शिकवावे लागले नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजीच्या जोडीला मराठी इनस्क्रिप्ट निवडला, एका भाषेतून दुसरीत जाण्यासाठी कळ ठरवली आणि काम सुरू केले. माझी पहिली परीक्षा ठरलेली असते : ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. पहिल्या शब्दात आपण गुरुजनांबद्दल बोलतो, दुसऱ्यात स्वयंपाक्यांबद्दल. साध्या र्‌साठी जेची कळ, मग हलन्ताची डी आणि ‘य’साठी तिरक्या रेघेची कळ. तीच जे शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो आणि पुढच्या दोन कळांनी ऱ्य तयार होतो. दोन्ही शब्द पहिल्याच प्रयत्नात नीट उमटले, पडद्यावर आणि कागदावरही. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी आयबस हे टंकलेखनाचे साधन बसवून उच्चारानुसारी कळफलकही घेता येतो. माझा मुलगा तोच वापरतो. तो बसवताना दोन-तीन पायऱ्या अधिक आहेत आणि एकदा लॉग-आउट करून परत यावे लागते, पण नंतर त्याच्याकडे पाहावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरवळणाची. मराठीचा पाकळीदार ल आणि गाठीचा श हे हिंदीतल्या प्रचलित वळणापेक्षा वेगळे आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत, वापरणाऱ्या अनेक फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा कोणती नोंदवली आहे त्यावरून कोणते रूप दाखवायचे हे ठरते. जुलैत एका लेखकाची फाइल आली. तिचे पहिले चार परिच्छेद मराठी वळणात होते आणि पुढचे सगळे हिंदी वळणात. फॉन्ट मात्र एकच. लिबरऑफिस रायटरच्या खालच्या पट्टीवर पाहिले तेव्हा पुढच्या मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदलेली दिसली. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली आणि एका क्षणात पानभर ल आणि श यांची वळणे बदलली. विंडोजवर वर्षानुवर्षे काम करूनही मी त्या पट्टीकडे कधी लक्ष दिले नव्हते. लिबरऑफिसच्या ऑप्शनमध्ये भाषांच्या भागात भारतीय लिपींसाठी मूळ भाषा मराठी अशी एकदाच ठरवून ठेवली, की नव्या फाइलींत हा प्रश्न उद्भवत नाही. मराठी मजकूर लिहिणाऱ्याने लिबरऑफिस बसवल्याबरोबर करण्याचे पहिले काम हेच, असे मी म्हणेन.

शुद्धलेखन तपासणीचे मराठी एक्स्टेन्शन मी जोडले आहे. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये लागून मराठी शब्दाची इतकी रूपे होतात, की बऱ्याच बरोबर शब्दांखालीही लाल रेघ येते. तरीही ‘आणि’चा ‘आणी’ झाला असेल तर तो थकल्या डोळ्यांतून सुटत नाही, म्हणून मी ते चालू ठेवते. मजकूर लेखकाकडे वर्डच्या स्वरूपात परत पाठवावा लागतो, आणि साध्या लेखांत आजवर अडचण आली नाही. चौकटी, रकाने आणि तळटीपा भरपूर असलेल्या फाइलींची मांडणी मात्र इकडून तिकडे जाताना हलते. अशा वेळी मी दुरुस्त्या पीडीएफवर टिपणांच्या रूपात करून पाठवते. त्यासाठी ओक्युलर हे वाचक-साधन वेगळे घेतले. त्यातली देवनागरी टिपणे पलीकडे नीट वाचली जातात.

जिथे मिंट पुरे पडले नाही ती जागा जुन्या फॉन्टांची आहे, आणि मराठीत काम करणाऱ्या कोणालाही ती टाळता येणार नाही. युनिकोड रूढ होण्याआधीच्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. माझ्याकडे असे सुमारे चारशे लेख आहेत. फॉन्टाची फाइल मिंटमध्ये बसवल्यावर ते लेख वाचता येतात, छापताही येतात. पण ज्या सॉफ्टवेअरने ते टंकित केले होते ते फक्त विंडोजसाठी आहे, आणि ते चालवायला यूएसबीत लावायचे कुलूपही लागते. ते वाइनमधून, म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून, चालवण्याचा प्रयत्न मी दोन संध्याकाळ केला. कुलूप ओळखले गेले नाही. तेव्हापासून माझा मार्ग असा आहे : लेख परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचा आणि मग मूळ छपाईशी ताडून ओळ न् ओळ वाचायचा. रफार, ऱ्ह-ऱ्य आणि पहिली वेलांटी या तीन ठिकाणी परिवर्तनात हमखास चुका राहतात. काम वेळखाऊ आहे, पण एकदा युनिकोडमध्ये आलेला लेख कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर उघडतो, शोधता येतो. हे काम मी दहा वर्षांपूर्वीच करायला हवे होते, असे आता वाटते.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात सांगते. आमचा प्रिंटर छपाई आणि स्कॅनिंग दोन्ही करतो. छपाईसाठी तो घरच्या नेटवर्कवर आपोआप सापडला. स्कॅनिंगसाठी कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर (यंत्र आणि प्रणाली यांना जोडणारे सॉफ्टवेअर) शोधून घ्यावा लागला, आणि शाईचा मार्ग साफ करण्याचे साधन कंपनीने फक्त विंडोजसाठी दिलेले असल्याने ते काम प्रिंटरवरची बटणे दाबून करते. माझे यजमान करविषयक कामांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरतात. ते इथे चालवण्यात यश आले नाही आणि ते काम त्यांच्या लॅपटॉपवरच राहिले. ज्यांचा व्यवसाय अशा टोकनावर अवलंबून आहे त्यांनी पेन ड्राइव्हवरच्या चाचणीत ते आधी तपासावे.

नऊ महिन्यांत एक मोठा प्रसंग आला, तो ऑगस्टच्या अखेरीस. एका दिवाळी अंकाचे दोन फर्मे दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते. आदल्या रात्री अद्यतने करून संगणक बंद केला, पहाटे सुरू केला तर पडदा काळा. आमच्या जुन्या ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरचा आणि नव्या अद्यतनाचा मेळ बसला नव्हता. पाऊस कोसळत होता, दुकान उघडायला चार तास होते आणि मला खरोखर भीती वाटली. मार्चमध्येच मी टाइमशिफ्ट सुरू करून ठेवले होते. ते प्रणालीची स्थिती रोज जपून ठेवते. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला, टाइमशिफ्ट उघडले, अद्यतनांच्या आधीची नोंद निवडली आणि ती परत बसवली. पंधरा-वीस मिनिटांत संगणक कालच्या स्थितीत आला, आणि रात्री अकरापर्यंत केलेल्या दुरुस्त्या फाइलींत जशाच्या तशा होत्या. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे : टाइमशिफ्ट मुळात फक्त प्रणालीच्या फाइली जपते, आपल्या घरच्या फोल्डरला हात लावत नाही. म्हणजेच ते आपल्या लेखांची प्रत ठेवत नाही. त्यासाठी मी दर रविवारी वेगळ्या डिस्कवर नक्कल करते. कामाच्या आदल्या रात्री अद्यतने करायची नाहीत, हा नियमही तेव्हापासून पाळते. अद्यतने केव्हा करायची हे मिंटमध्ये आपल्या हातात असते, आणि सप्टेंबरात आलेली २२.२ ही आवृत्ती मी कामे आटोपल्यावर, दिवाळीनंतर, सवडीने घेतली.

सासरे ७८ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी वेगळे खाते काढून त्याची भाषा मराठी केली, अक्षरे मोठी केली आणि पडद्यावर चारच चिन्हे ठेवली. खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातला मेन्यू हे सगळे त्यांच्या सवयीचे असल्याने दोन दिवसांत ते स्वतः सगळे करू लागले. मेन्यूत काही शब्द मराठीत आणि काही इंग्रजीत आहेत, कारण हे भाषांतर जगभरचे स्वयंसेवक लाँचपॅड या संकेतस्थळावर करतात आणि मराठीचे बरेच काम अजून शिल्लक आहे. मी तिथे खाते उघडून काही ओळी सुचवल्या आहेत. ज्यांना मराठी नीट येते आणि आठवड्यातून एखादा तास काढता येतो, त्यांनी हे काम जरूर पाहावे. एकेका शब्दासाठी योग्य प्रतिशब्द शोधण्यात मला फार समाधान मिळाले.

विंडोजची जुनी हार्ड डिस्क मी पुसलेली नाही. ती कपाटात आहे आणि आजवर तीन वेळा, इंटरनेट न जोडता, जुन्या सॉफ्टवेअरसाठी लावली. चारशेपैकी एकशे दहा लेख युनिकोडमध्ये आणून, वाचून झाले आहेत. उरलेले होईपर्यंत ती डिस्क आणि ते यूएसबीचे कुलूप दोन्ही जपून ठेवणार आहे.