गुगल स्कॉलर, ग्रंथालयाचे डेटाबेस की जुन्या अंकांचं कपाट?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी तुम्ही ‘बीडच्या ऊसतोडणी कामगारांचं हंगामी स्थलांतर’ हा विषय घेतलाय असं धरू. मार्गदर्शक म्हणाले, आधी वीसेक शोधलेख वाचून या, मग बोलू. आता बसायचं कुठे? माझं मत आधीच सांगून टाकते: माग काढायला गुगल स्कॉलर, म्हणजे गुगलचं अभ्यासलेखांसाठीचं शोधयंत्र; लेख हातात घ्यायला ग्रंथालय. मराठी लेखांचं गणित मात्र वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

स्कॉलरचा मोठा गुण म्हणजे तो कुणालाच अडवत नाही. कार्ड नको, पासवर्ड नको. पण इंग्रजीत ‘शुगरकेन हार्वेस्टर’ टाकून बघा. माणसांऐवजी यंत्रांवरचे लेख समोर येतात, कारण शेती अभियांत्रिकीत हार्वेस्टर म्हणजे ऊस तोडणारं मशीन. शब्द बदलून ‘केन कटर्स’ केलं, सोबत ‘मायग्रेशन’ आणि ‘महाराष्ट्र’ जोडलं, की चित्र पालटतं. तरीही तिथे विषयानुसार गाळणी लावायची सोय नाही. नावाजलेलं नियतकालिक आणि पैसे घेऊन काहीही छापणारं नियतकालिक एकाच रांगेत उभं असतं. निकाल लाखभर दाखवले तरी प्रत्यक्षात पहिले हजारच उघडता येतात. अर्थात हजारापर्यंत जातं कोण म्हणा.

मग स्कॉलर वापरायचा कशासाठी? लेखाखालच्या ‘साइटेड बाय’ या दुव्यासाठी. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर आणि तिथल्या तोडणी मजुरांवर १९७८ मध्ये लिहिलं. त्या लेखाखालचा हा दुवा दाबला की पुढच्या काळात त्याचा आधार घेऊन कुणी काय लिहिलं ते उलगडत जातं. एका चांगल्या लेखावरून दुसरा, त्यावरून तिसरा. माझा अनुभव असा की शब्द टाकून सापडलेल्या लेखांपेक्षा या वाटेने सापडलेले जास्त कामाला येतात.

पण लेख सापडला म्हणजे मिळाला असं नाही. शीर्षक दिसतं, सारांश दिसतो आणि पुढे प्रकाशक डॉलरमध्ये किंमत सांगतो. एका मैत्रिणीने असे पैसे भरलेसुद्धा. तोच लेख तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फुकट मिळत होता!

सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात असाल, तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेची चौकशी करा. १ जानेवारी २०२५ पासून तिच्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं केंद्र, इन्फ्लिबनेट, तिचं काम बघतं. खासगी किंवा अनुदानित महाविद्यालयात असाल तर आपण त्यात आहोतच असं धरून चालू नका. ‘एन-लिस्ट’ची, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेची, वर्गणी आहे का ते ग्रंथपालांना विचारा. त्याचा लॉगिन व्यक्तिगत असतो आणि तो घरूनही चालतो.

‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ टाळून या विषयावर पुढे जाता येणार नाही. १९६६ पासून मुंबईहून निघणाऱ्या या साप्ताहिकाचे जुने अंक जेस्टॉर या नियतकालिकांच्या डेटाबेसवर आहेत. तिथे नवे अंक काही वर्षं उशिरा येतात, म्हणून ताज्या लेखांसाठी साप्ताहिकाचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा ग्रंथालयातला छापील अंक बघा. स्कॉलरमध्ये नसलेल्या गोष्टी डेटाबेसमध्ये मिळतात: विषयाची ठरलेली पदं (लेखकाने शब्द कुठलाही वापरो, लेख एकाच नावाखाली सापडतो), फक्त सारांशात शोध, फक्त तज्ज्ञांनी तपासलेले लेख. एक खोच सांगते. अमेरिकी डेटाबेसमध्ये ‘लेबर’च्या स्पेलिंगात ‘यू’ नसतो. दोन्ही स्पेलिंगं टाकून शोधा, नाहीतर निम्मे लेख हातचे जातील.

घाई असेल तर स्कॉलरच्या सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’खाली आपल्या विद्यापीठाचं नाव सापडतं का ते बघा. सापडलं तर जोडून टाका. ग्रंथालयात असलेल्या लेखापुढे थेट दुवा येतो आणि अर्धं भांडणच मिटतं.

आता मराठी. इथे स्कॉलर आणि डेटाबेस दोघेही लंगडे. मराठी लेख पीडीएफमध्ये असला तरी बऱ्याचदा तो जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे आजच्या संगणकांना अक्षरं म्हणून न कळणाऱ्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला किंवा नुसता स्कॅन केलेला असतो. डोळ्यांना तो वाचता येतो, शोधयंत्राला येत नाही. शिवाय ‘ऊसतोडणी’, ‘ऊस तोडणी’, ‘ऊसतोड’ अशी तीन रूपं. तिन्ही टाका. ‘मुकादम’, ‘उचल’ (आगाऊ घेतलेली रक्कम), ‘कोयता’ (तोडणीला जाणारं जोडपं) हेही शब्द टाका, कारण मराठीत लिहिणारे या विषयाला याच शब्दांनी हात घालतात. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध ठेवणाऱ्या शोधगंगा या संकेतस्थळावर मराठी प्रबंध आहेत. त्यांचा मजकूर शोधता आला नाही तरी संदर्भसूचीचं प्रकरण उघडून वाचा. तुमच्या आधी कुणीतरी दोन-तीन वर्षं हेच लेख शोधत फिरलेलं असतं.

त्या सूचीत वाईचं ‘नवभारत’ किंवा ‘समाजप्रबोधन पत्रिका’ अशी मराठी नियतकालिकं दिसली, की संगणक बंद करा आणि जुन्या अंकांचं कपाट गाठा. पुण्यात असाल तर विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, मुंबईत असाल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. आधी फोन करून वेळ आणि बाहेरच्या वाचकासाठीचे नियम विचारा, मार्गदर्शकांचं पत्र सोबत ठेवा. बांधीव खंड मागताना नुसतं वर्ष सांगू नका, महिनाही सांगा. दिवाळी अंक वेगळा ठेवलेला असू शकतो.