एकच लांब टेक की कट पाडून शॉट्स? एकाच सीनवरून तुलना

सीन साधा आहे. स्वयंपाकघर, आई कणीक मळतेय, मुलगा ऑफिसातून येऊन दारात उभा राहतो आणि त्याला सांगायचंय की नोकरी गेली. तीन मिनिटांचा मामला. पण हा सीन एका टेकमध्ये (म्हणजे कॅमेरा मध्ये न थांबवता) काढायचा की मास्टर (सगळा सीन दाखवणारा रुंद शॉट), सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), क्लोज (नुसता चेहरा जवळून) असे तुकडे करायचे, ह्यावर आमच्या युनिटमध्ये (युनिट म्हणजे पाच जण आणि एकाची बहीण) दोन रात्री वाद झाला आणि शेवटी वैतागून आम्ही दोन्ही प्रकारे शूट केला. त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्या दोन्ही कट समोर ठेवून.

आधी लांब टेक. कॅमेरा पॅसेजमध्ये ट्रायपॉडवर, फ्रेममध्ये डावीकडे आई अर्धी पाठमोरी, उजवीकडे चौकटीला टेकलेला मुलगा. सुरुवातीला परातीत कोरडं पीठ असतं आणि शेवटी गोळा झालेला असतो. म्हणजे घड्याळ न दाखवताच वेळ जाताना दिसतो, हे आम्ही ठरवलं नव्हतं, आपोआप मिळालं. मुलगा ते वाक्य बोलतो तेव्हा आईचा हात अर्धा सेकंद थांबतो आणि पुन्हा मळायला लागतो. बस, एवढंच. पण बघणाऱ्याला तो हात आणि मुलाचा चेहरा एकाच वेळी दिसतो, कुठे बघायचं ते त्याचं तो ठरवतो, आणि दोघांमधली शांतता खरी वाटते कारण ती खरंच तेवढीच लांब होती. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) सिनेमा आठवा, कॅमेरा लांब एका जागी बसलेला, जणू आपणच मागच्या बाकावर आहोत. तो गारठा क्लोजअप लावून येत नाही.

आता कट पाडलेला. ह्यात आम्हाला एक गोष्ट मिळाली जी लांब टेकमध्ये काही केल्या मिळत नव्हती, ती म्हणजे डबा. मुलाच्या पायाशी डब्याची पिशवी ठेवली होती, डबा न उघडता तसाच परत आलेला, वरचा रुमालही सकाळच्याच गाठीत. आईची नजर खाली, मग डब्याचा इन्सर्ट (मध्येच घातलेला, नुसती ती वस्तू जवळून दाखवणारा छोटा शॉट), मग परत आईचा चेहरा. तीन शॉट, मोजून सात सेकंद, आणि मुलाने तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षकाला कळतं की आईला काहीतरी कळलंय, फक्त मुलाला ते माहीत नाही. मग पुढे तो इकडचं तिकडचं बोलत राहतो तेव्हा पोटात गोळा येतो. लांब टेकमध्येही डबा फ्रेममध्येच होता हो, कोपऱ्यात, पण ज्या सहा जणांना दाखवला त्यातल्या एकालाही दिसला नाही.

गंमत म्हणजे त्या क्लोजमध्ये आईचं काम करणारी आमची कलाकार काहीच अ‍ॅक्टिंग करत नव्हती, नंतर कळलं की तिच्या डोक्यात घरचा गॅस बंद केला का हे चाललं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह ह्या दिग्दर्शकानं हेच करून दाखवलं होतं की तोच चेहरा, शेजारी सूपची वाटी लावली की भुकेला वाटतो आणि शवपेटी लावली की दुःखी.

तर माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की सीनमध्ये कुणाला काय आधी कळतंय. प्रेक्षकाने पात्राबरोबरच अडकून बसावं असं वाटत असेल तर कट नको. प्रेक्षकाला एका पात्रापेक्षा जास्त माहीत हवं असेल तर कट लागणारच. "लाँग टेक भारी दिसतो" हे कारण नाही.

आता खर्च आणि वेळ. नवीन लोकांना वाटतं एक टेक म्हणजे एकदाच लायटिंग, तासाभरात पॅकअप. आम्ही ११ टेक घेतले. प्रत्येक टेकनंतर परात धुवा, पुसा, नवीन पीठ घ्या, आईचे हात धुवा. सातव्या टेकला शेजारच्या कुकरची शिट्टी. नवव्याला आई अफाट होती पण मुलाने अर्धं वाक्य गिळलं, आणि लांब टेकमध्ये अर्ध्या वाक्याला इलाज नसतो, सगळा टेक कचऱ्यात. उलट कट पाडताना सहा सेटअप झाले (सेटअप म्हणजे कॅमेरा आणि लाइट नव्या जागी लावणं), प्रत्येकाला अर्धा तास धरा, पण आठ सेकंदाचा शॉट बिघडला तर आठ सेकंदच परत करायचे. फक्त कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळवणं, जीव घेते. मास्टरमध्ये ह्या वाक्याला पीठ ओलं होतं आणि क्लोजमध्ये गोळा झालाय, हे एडिटला बसल्यावर दिसलं तर मेलात. म्हणून कोरडं, अर्धवट आणि मळलेलं असे तिन्ही प्रकार आधीच तयार ठेवा. आणि दोघांना जोडणारी एक रेघ मनात आखा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा, ती ओलांडू नका, नाहीतर दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दिशेला बघतायत असं दिसतं.

साउंड मात्र लांब टेकमध्ये सुखाचा, सलग येतो. तुकड्यांमध्ये एका शॉटला कोकिळा ओरडते, दुसऱ्याला नाही. पंखा बंद करून तीसेक सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामाला लागते.

मोबाइलवर काढत असाल तर दोन्ही प्रकारांत शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे, ट्यूबलाइट लपलपत नाही. क्लोजसाठी मेन लेन्स तोंडाजवळ नेऊ नका, ती वाइड असते, नाक मोठं येतं. मागे जा आणि टेली लेन्स (लांबचं जवळ आणणारी) असेल तर ती वापरा.

एक चोरवाट पण आहे. दिग्दर्शक हिचकॉकने 'रोप' सिनेमात (१९४८) हीच वापरली, रीळ दहाएक मिनिटांतच संपायचं म्हणून कॅमेरा कुणाच्या तरी पाठीवर नेऊन अंधार करायचा आणि तिथे जोड लपवायचा. घरात फ्रीजचं दार पुरतं.

मी आज परत केला तर मास्टर सलग लांब टेकमध्येच घेईन आणि सोबत एकच इन्सर्ट, डब्याचा. त्याने डबाही दिसतो आणि त्या इन्सर्टच्या आडून पाचव्या टेकवरून नवव्यावर उडी मारता येते, गिळलेलं वाक्यही वाचतं. पण दुसरा इन्सर्ट घ्यायचा मोह आवरा, दोन इन्सर्ट झाले की लांब टेकची जादू गेली, मग सरळ सहा सेटअपच करा. दोघंही कलाकार कच्चे असतील आणि तालमीला वेळ नसेल तरी तेच, तुकडे बरे. 'कोर्ट'मध्ये कितीतरी लोक पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर होते हे मला माहितीये, पण आपल्याकडे रविवारचा एक दिवस असतो.

आणि पीठ अंदाजापेक्षा दुप्पट आणा. आम्ही तीन किलो संपवलं, रात्री बाराला सगळं युनिट गॅसभोवती पोळ्या लाटत बसलं होतं.